नदीकाठाचा हिशेब सभागृहात येऊ द्या: पुणे महापालिकेच्या १६५ सभासदांना खुलं पत्र

सन्माननीय सभासद,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

मी शनिवार पेठेत राहते. ओंकारेश्वराचा घाट आमच्या घरापासून चालत तीन मिनिटांवर आहे. एका सहकारी बँकेत तीस वर्षं हिशेब तपासणीचं काम केलं आणि निवृत्त झाले. १५ जानेवारी २०२६ ला सकाळी साडेसात वाजता मी मतदानाच्या रांगेत उभी होते. याआधी महापालिकेसाठी मतदान केलं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये. मधल्या काळात माझी नात शाळेत जायला लागून तिसरीत पोचली. इतक्या वर्षांनी आम्हाला पुन्हा नगरसेवक मिळाले आहेत, म्हणून हे पत्र कोणा एका पक्षाला किंवा एका प्रभागाच्या चौघांना न लिहिता तुम्हा सर्वांना लिहिते आहे.

विषय मुळा-मुठा नदीकाठ विकसन प्रकल्पाचा. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा असा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा काठ आणि खर्च सुमारे ४,७०० कोटी रुपये. सुरुवातीला याच प्रकल्पाचा आकडा सुमारे २,६०० कोटी होता. ११ टप्प्यांपैकी संगमवाडी ते बंडगार्डन या टप्प्याचं काम आधी हाती घेतलं गेलं, मग बंडगार्डनच्या पुढे मुंढव्याकडे. शहराच्या पोटातला भाग, म्हणजे संगम पूल, डेंगळे पूल, शिवाजी पूल, ओंकारेश्वर, भिडे पूल, लकडी पूल, म्हात्रे पूल हा सगळा पट्टा, अजून उरला आहे. तिथे नदी अरुंद आहे, दोन्ही काठांवर वस्ती दाट आहे आणि चूक झाली तर ती झेलायला मोकळी जागा नाही. त्या पट्ट्यावर आणखी पैसा बांधला जाण्याआधी हा संपूर्ण प्रकल्प, सगळ्या हिशेबासह, मुख्य सभेत चर्चेला घ्या. एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

तारखा एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते पुण्यात भूमिपूजन झालं. नदीच्या ९ किलोमीटर पट्ट्याच्या विकसनासाठी १,०८० कोटींहून अधिक आणि प्रदूषण नियंत्रणासाठी १,४७० कोटींहून अधिक, असे आकडे त्या वेळी सरकारने जाहीर केले. १४ मार्चला महापालिकेची मुदत संपली. भूमिपूजनानंतर आठ दिवसांनी सभागृह रिकामं झालं आणि पंधरा तारखेपासून प्रशासक आले. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका लांबत गेल्या. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. त्यालाही आणखी आठ महिने गेले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ यू मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. घटनेतलं हे वाक्य पुण्यात जवळजवळ चार वर्षं पाळलं गेलं नाही.

प्रशासकीय राजवट म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण आमच्यासारख्या बाहेरच्यांना ते कळायला वेळ लागला. आयुक्त विषयपत्र पाठवतात. स्थायी समितीची मंजुरी लागते, तर प्रशासक म्हणून तेच स्थायी समिती. मुख्य सभेची मंजुरी लागते, तर तेच मुख्य सभा. बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की ज्याने व्हाउचर बनवलं त्याने ते पास करायचं नाही. पन्नास रुपयांच्या व्हाउचरलासुद्धा दुसरी सही लागायची. कोणा अधिकाऱ्याच्या हेतूबद्दल माझा आक्षेप नाही. या काळात आयुक्त बदलले, प्रत्येकाने आपल्या परीने काम केलं असेल. पण दुसरी सही नव्हती, आणि ती सही तुमची होती.

प्रकल्पाला आधीच्या सभागृहाने मंजुरी दिली होती, हे मला माहीत आहे. कोणीतरी उठून तेच उत्तर देईल, म्हणून आधीच लिहिते. मंजुरी कागदावरच्या प्रकल्पाला दिली जाते. कुदळ पडल्यावर काय निघालं, किती झाडं गेली, खर्च कुठल्या टप्प्यावर किती वाढला, कुठल्या अटी पाळल्या, कुठल्या नाही, हे विचारायचं काम खरं तर कुदळ पडल्यानंतरच सुरू होतं. नेमक्या त्याच काळात विचारणारं कोणी नव्हतं. म्हणून लोक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले, न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये झाडांना मिठी मारायला संभाजी बागेजवळ जमले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रामनदी आणि मुळेच्या संगमापाशी जमले. त्या गर्दीत माझ्या वयाच्या बायका होत्या, कॉलेजची मुलं होती, लहान पोरं खांद्यावर घेतलेले आईबाप होते. सभागृह चालू असतं तर यातले निम्मे प्रश्न तिथेच विचारले गेले असते.

आता पाण्याबद्दल.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला स्वतःला काही आठवत नाही, पण आईने ते इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखं वाटतं. दिवसाउजेडी पाणी आलं म्हणून आम्ही वाचलो, असं ती म्हणायची. मला कडेवर आणि शिवणाच्या मशीनचं डोकं पिशवीत घेऊन ती लक्ष्मी रस्त्याच्या दिशेने चालत सुटली. परत आली तेव्हा वाड्याची मागची भिंत नव्हती. आमच्या पेठेतली कितीतरी घरं नंतर सहकारनगरला, गोखलेनगरला गेली. नदीची भीती आमच्या घरात अशी पिढीजात आहे.

आणि ती जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतली माणसं झोपेतून उठली ती गुडघाभर पाण्यात. डेक्कनच्या बाजूला पुलाची वाडीजवळ हातगाडी हलवायला गेलेले तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. त्या सकाळी मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होते. शेजारची एक वयस्कर बाई हातात जपमाळ घेऊन पाण्याकडे बघत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अजून चढतंय गं." त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ ला तर धरणाचा संबंधही नव्हता. एका रात्रीच्या पावसात आंबिल ओढा फुगला आणि घरंच्या घरं घेऊन गेला.

नदीच्या दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. या रेषा कुठून जातात यावर काठ किती पुढे आणायचा हे ठरतं. भराव टाकून, दगडी बांध घालून काठ आत आणला की पाण्याला जागा कमी पडते, असं नदीचे अभ्यासक गेली कित्येक वर्षं सांगत आहेत. पालिकेचं म्हणणं आहे की पूरपातळी वाढणार नाही, उलट सुधारेल. मी इंजिनियर नाही. पण ज्या गणितावर माझ्या घराचा तळमजला अवलंबून आहे ते गणित मला बघायला मिळालं पाहिजे, आणि तपासणाऱ्याने ते सभागृहात उभं राहून समजावून सांगितलं पाहिजे. २०२४ च्या पुरानंतर आकडे पुन्हा तपासले का? कोणी तपासले? धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी त्यात धरलं आहे का? आमच्या पट्ट्याचं एकही कंत्राट देण्याआधी या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं कार्यपत्रिकेला जोडलेली असावीत.

अहमदाबादच्या साबरमती नदीकाठ प्रकल्पाचं उदाहरण प्रत्येक सादरीकरणात असतं. त्या प्रकल्पाचा आराखडा करणाऱ्या अहमदाबादच्याच संस्थेने आपलाही आराखडा केला आहे. साबरमती मी पाहिली आहे. फिरायला छान आहे, संध्याकाळी गर्दी असते. पण तिथे दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आलेलं आहे आणि शहराबाहेर पात्र बरंच वेगळं दिसतं. आपल्याकडे चार धरणांचं पाणी पिण्याला आणि शेतीला जातं. पावसाळा संपला की मुठेत वाहतं ते मुख्यतः आपल्याच घरांतलं सांडपाणी. बंधारे घालून पाणी अडवायचं तर आधी हे सांगावं लागेल की काय अडवणार आहोत.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त खटकतो तो या कामांचा क्रम. नदी शुद्धीकरणाचा प्रकल्प जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून २०१६ मध्ये मंजूर झाला. खर्च सुमारे ९९० कोटी, त्यातला ८५ टक्के वाटा केंद्राचा. ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. काम पूर्ण व्हायची मुदत होती जानेवारी २०२२. त्याचं भूमिपूजन झालं मार्च २०२२ मध्ये, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर. तोवर आकडा १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. हे वाचताना मी तीनदा तारखा तपासल्या. वाढलेले जवळजवळ ४८० कोटी कोणाच्या खिशातून? केंद्राचा ८५ टक्के वाटा वाढीव रकमेला लागू आहे की तो बोजा पालिकेवर आला? सहा वर्षं कोणाच्या टेबलावर गेली? बँकेत एवढा फरक निघाला असता तर शाखाधिकाऱ्याला रविवारीही घरी जाता आलं नसतं.

आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर आधी पाया मग कळस. शुद्धीकरण हा पाया, काठ हा कळस. केंद्रं पूर्ण क्षमतेने चालू झाली, प्रत्येक नाला अडवला गेला, वर्षभर नदीच्या पाण्याची तपासणी ठीक आली, तर काठावर बाकं मांडायला माझा काहीच विरोध नाही. मीच पहिल्यांदा येऊन बसेन. बंडगार्डनजवळच्या नव्या तुकड्यावर मी मुद्दाम चालून आले आहे. संध्याकाळी तिथे पोरं सायकल चालवत होती, म्हातारे गप्पा मारत होते, आणि त्यांचा आनंद खरा होता. शहरात चालायला मोकळी जागा हवीच आहे. पण वाऱ्याची झुळूक आली की सगळे नाकाला रुमाल लावत होते, हेही मी पाहिलं.

आणि हे पाणी पुण्यात थांबत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. त्याच भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात. दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आपल्या पेठांत मुक्कामाला असतात तेव्हा आपण वारकऱ्यांचे पाय चेपतो, त्यांना जेवू घालतो. तीच माणसं पंढरपुरात ज्या पाण्यात स्नान करतात त्यात आपलं मैलापाणी असतं. या गोष्टीची मला लाज वाटते आणि ती दगडी पायऱ्यांनी झाकली जात नाही.

पैशाचा अंदाज यावा म्हणून एक साधा भागाकार केला. ४,७०० कोटींना १६५ ने भागलं तर प्रत्येक नगरसेवकाच्या वाट्याला साडेअठ्ठावीस कोटींच्या आसपास येतात. तुमच्या प्रभागात एक बालवाडीची खोली, एक दवाखाना, एक ड्रेनेज लाईन यासाठी तुम्हाला अंदाजपत्रकात किती झगडावं लागतं हे तुम्हीच जाणता. २०२५-२६ चं पालिकेचं संपूर्ण अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. त्याच्या एक तृतीयांशाहून मोठा हा एक प्रकल्प आहे. महापालिका कायद्याच्या कलम ७२ ब खाली अनेक वर्षांची जबाबदारी आज बांधली की पुढच्या अंदाजपत्रकांचे हात आजच बांधले जातात, तुमच्यानंतर येणाऱ्या सभासदांचेसुद्धा.

त्याच शहराचं दुसरं टोक बघा. २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला ही त्यातलीच. धरणाच्या अंगाखांद्यावर असलेल्या या गावांमध्ये आणि आसपासच्या भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण, माणसं हातापायातली ताकद जाऊन अतिदक्षता विभागात, आणि संशय दूषित पाण्यावर. माझी भाची धायरीत राहते. महिनाभर तिने पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून मुलांना दिलं. तिला कोणी विचारलं असतं की नदीकाठचा पदपथ आधी हवा की शुद्ध पाण्याचा नळ, तर तिचं उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे.

विचारण्यावरून आठवलं. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. देशात ही पद्धत सुरू करणाऱ्या पहिल्या शहरांपैकी आपण आहोत आणि मला त्याचा अभिमान आहे. मी स्वतः दोनदा क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरला, एकदा बसथांब्याजवळच्या बाकासाठी, एकदा गल्लीतल्या दिव्यासाठी. बाक आलं, अजून आहे. काही लाखांच्या आतल्या कामासाठी पालिका मला छापील अर्ज देते. पण ४,७०० कोटींच्या कामासाठी तसा अर्ज माझ्या दारात कधी आला नाही.

या शहराने घाईचे परिणाम पाहिले आहेत. २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आणली, देशातली पहिली म्हणून मिरवली. नगर रस्त्यावरची तर बांधली आणि उखडली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल दीड दशकाच्या आसपासच टिकला आणि जुलै २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. २०१७ च्या जूनमध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजली, ७.५९ टक्के व्याज आपण भरतो आहोत. यातल्या एकाही बाबतीत मला आठवत नाही की कोणी सभागृहात उभं राहून म्हणालं, हा निर्णय माझा होता, त्यात हे चुकलं. पूल पाडता येतो, बीआरटी उखडता येते. नदीत टाकलेला भराव पुन्हा काढणं त्या मानाने फार अवघड आहे.

तर मागणी नेमकी सांगते. एक खास सभा बोलवा, फक्त याच विषयासाठी. श्रद्धांजली वाहून तहकूब होणारी नको, आणि रात्री साडेदहाला आयत्या वेळचा विषय म्हणूनही नको. सभेआधी किमान पंधरा दिवस मराठीत श्वेतपत्रिका काढा. प्रत्येक टप्प्याचा मूळ अंदाज, आजचा खर्च, वाढीव रकमेची कारणं, ठेकेदाराला दिलेले आणि द्यायचे राहिलेले पैसे, खासगी भागीदारीच्या अटी, काठावर नव्याने तयार होणारी जमीन कोणाच्या ताब्यात जाणार आणि तिचं काय होणार, तोडलेली झाडं, लावलेल्यांपैकी जगलेली झाडं, आणि पुराचं ते गणित, सगळं त्यात असू द्या. शुद्धीकरण केंद्रांची सद्यःस्थिती वेगळ्या पानावर. चर्चेला नदीच्या अभ्यासकांना बोलवा, प्रकल्पाच्या बाजूचे असोत की विरोधातले. आणि शेवटी मतदान नावानिशी घ्या. हात वर करून "मंजूर, मंजूर" असा गलका झाला की इतिवृत्तात फक्त "एकमताने" उरतं आणि कोणी काय म्हणालं ते कायमचं पुसलं जातं. पुढच्या पुरात आमच्या घरात पाणी आलं तर आम्हाला नावं माहीत असायला हवीत. नाही आलं, तर कौतुक कोणाचं करायचं तेही.

तुमच्यातले अनेक जण पहिल्यांदाच निवडून आले आहेत. पक्षाचा आदेश असतो, नेत्यांनी भूमिपूजन केलेलं असतं, त्यावर प्रश्न विचारायचा म्हणजे धाडस लागतं, हे मला कळतं. सत्तेत असलेल्यांना मी प्रकल्पाच्या विरोधात मत द्या असं म्हणत नाही. हिशेब मागणं हा विरोध नाही. प्रकल्प चांगला असेल तर हिशेबाने तो भक्कम होईल. विरोधात बसलेल्यांनाही सांगते, घोषणा देऊन सभात्याग केलात तर त्या दिवशीचे प्रश्न तुमच्याबरोबर बाहेर जातील. आत बसा, कागद मागा, उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

खास सभेची तारीख जाहीर झाली की कळवा. आमच्या आळीतल्या सात जणी प्रेक्षक सज्जात येऊन बसणार आहोत. डबा घेऊन येऊ, सभा कितीही लांबली तरी चालेल.

आपली,
शनिवार पेठेतली एक मतदार